वाचकांचे प्रश्न : डोंगरातल्या हरणासाठी दुर्बीण की स्पॉटिंग स्कोप?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला नोकरीला आहे. यंदा पावसाळा सरल्यावर तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर कोलोराडोच्या डोंगरात म्यूल डिअर नावाच्या हरणाच्या शिकारीला जाणार आहे. तिकडचा परवाना त्यानं काढलाय, प्रशिक्षणही झालंय. पैसे मात्र एकाच वस्तूपुरते आहेत. एक मित्र म्हणतो दुर्बीण घे, दुसरा म्हणतो डोंगरात स्पॉटिंग स्कोपशिवाय, म्हणजे तिपाईवर ठेवून एका डोळ्यानं बघायच्या दुर्बिणीशिवाय, काही दिसत नाही. जानेवारीत गावी आला की घेतलेली वस्तू तो माझ्याकडेच ठेवून जाणार आहे. माझं घर जांबोटीच्या पुढं, शेताला लागूनच रान. तिन्हीसांजेला गवे येतात, कधी सांबर. माझं वय 71, चष्मा आहे. त्याला काय सांगू?
— निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : गुरुजी, भाच्याला सांगा, दुर्बीण घे. दहा बाय बेचाळीसची, चांगल्या काचेची, आणि तिच्याबरोबर एक धड तिपाई. स्कोपचं पुढच्या वर्षी बघू म्हणावं.

मी बेळगावात शहापूरला 34 वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं. या काळात जितके लोक माझ्याकडे दुर्बिणीची चौकशी करायला आले, त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता, ‘किती पट मोठं दिसतं?’ प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. रानातलं जनावर मोठं दिसण्याच्या आधी सापडावं लागतं. सापडवायचं काम दुर्बिणीचं आणि सापडलेलं तपासायचं काम स्कोपचं. जवळ एकच वस्तू असेल, तर जिच्यावाचून दुसरीला कामच उरत नाही ती आधी घ्यावी.

मूळ मुद्द्याकडे येण्याआधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हे सदर आपल्या भागातली तरुण मुलंही वाचतात. आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला आवर घातला आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा परवाना हा प्रकारच उरला नाही. कायद्याच्या लेखी नुसता हाकारा घालणं, आमिष लावणं किंवा मारण्याचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. कोलोराडोत हरणांची संख्या पाहून सरकार ठरावीक परवाने देतं, हंगाम ठरवून देतं. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिथं सहसा परवाना मिळत नाही. तिथला नियम तिथं, इथला इथं. मी स्वतः जनावर मारणार नाही. पण भाचा जाणारच असेल, तर त्यानं नीट बघून मगच बंदुकीच्या घोड्याला बोट लावावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हे उत्तर लांबवतोय.

आता आकड्यांचं. 10 × 42 यातला 10 म्हणजे दहापट जवळ, आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला दहानं भागा, 4.2 येतात. दुर्बिणीतून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटर रुंदीचा असतो. कोणाकडं दुर्बीण असेल तर आत्ताच करून बघा. ती हातभर लांब धरा, तोंड उजेडाच्या खिडकीकडे करा आणि डोळ्याकडच्या काचेकडे बघा. काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाशाचा एक लहानसा गोल तरंगताना दिसेल. तो सगळीकडे सारखा उजळ आणि पूर्ण वाटोळा असला तर आतलं प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी काच, चांगलं. कडा चौकोनी आणि करड्या दिसल्या तर दुकानदार काहीही सांगो, तिथं काटकसर झालेली आहे. दुकानात हीच परीक्षा मी सगळ्यात आधी करून दाखवायचो.

हा गोल महत्त्वाचा का? तरण्या माणसाची बाहुली अंधारात सुमारे 7 मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढलं की ती तेवढी उघडत नाही, सत्तरीत बहुतेकांची पाचच्याही आत राहते. म्हणजे तुमच्या डोळ्याला 4.2 चा झोत जवळपास पुरा पडतो. आता स्कोप घ्या, 20 ते 60 पट, 80 मिलिमीटरचा. वीस पटीला झोत 4 मिलिमीटरचा, ठीक आहे. साठ पटीला उरतो 1.33. हरणं बाहेर पडतात ती उजाडता उजाडता आणि मावळताना, नेमकी उजेड कमी असताना. त्या वेळी साठ पटीतून बघाल तर मोठं दिसेल, पण अंधुक, शेणकुटाच्या धुरातून बघितल्यासारखं.

दुसरी गोष्ट, दिसणाऱ्या मुलखाची रुंदी. एक किलोमीटरवरच्या डोंगरउतारावर दहापटीच्या दुर्बिणीतून एका नजरेत सुमारे 110 मीटरचा पट्टा दिसतो. साठ पटीच्या स्कोपमधून वीसेक मीटर. अख्खा डोंगर वीस-वीस मीटरनं धुंडाळायचा म्हटलं तर सकाळ सरते आणि हरणं सावलीत जाऊन बसतात. शिवाय एक डोळा मिटून तासभर बघत राहिल्यावर दुसरा डोळाही शिणतो. दोन डोळ्यांनी बघताना मेंदूला आराम असतो. चष्म्याच्या धंद्यात राहून मी एवढं नक्की शिकलो, की शिणलेला डोळा समोरचंही सोडून देतो.

तिसरी गोष्ट, ओझं. 42 ची दुर्बीण साधारण पाऊण किलोची. 80 मिलिमीटरचा स्कोप दीड-दोन किलोचा, आणि तिपाईशिवाय तो निरुपयोगी. डेन्व्हर शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंच आहे. आपलं बेळगाव साडेसातशेच्या आसपास. भाचा शिकारीला जाईल तो डोंगर डेन्व्हरच्याही कितीतरी वर. हवा विरळ, पाठीवर बंदूक, पाणी, थंडीचे कपडे. तिथं दोन किलो जास्त म्हणजे चार वाजेपर्यंत माणसाची बसण्याची ताकद जाते, आणि या सगळ्या कामात बसणंच खरं.

तिपाईसाठी मी हट्ट का धरतो ते सांगतो. बहुतेक चांगल्या दुर्बिणींच्या मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक टोपण असतं. ते फिरवून काढलं की आत आटे दिसतात. त्यात एक छोटा अडॅप्टर बसवला की दुर्बीण तिपाईवर चढते. हातात धरलेली दहापटीची दुर्बीण आपल्या नाडीच्या ठोक्यानंही हलते आणि ती थरथर दहापट होऊनच दिसते. तीच तिपाईवर ठेवा. हातात न दिसलेला कान दिसायला लागतो. मी हे अक्षरशः कानाबद्दलच लिहितोय.

चार वर्षांमागची गोष्ट. जानेवारीतली पहाट, जांबोटीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर बसलो होतो. समोर अडीचशे मीटरवर रानाची कड, वाळलेली कारवी, तिच्या उभ्या काड्या. नुसत्या डोळ्यांना काही नाही. दुर्बीण हातात धरून बघितलं, काही नाही. मग तिपाई उघडली, दुर्बीण चढवली आणि डावीकडून उजवीकडे सावकाश नेत राहिलो. अर्धा पट्टा सरकवायचा, थांबायचं, दुर्बीण न हलवता फक्त बुबुळं कडेपासून कडेपर्यंत फिरवायची, मग पुढं. तिसऱ्या फेरीला उभ्या काड्यांत एक आडवी रेघ खटकली. रानात जवळपास सगळं उभं असतं, जनावराची पाठ आडवी असते. त्या रेघेवर थांबलो. दोन-तीन मिनिटांनी रेघेच्या टोकाशी एक कान हलला, माशी उडवावी तसा. सांबराची मादी होती. तिच्यामागं अजून दोन होत्या, त्या दिसायला आणखी दहा मिनिटं लागली. त्या सगळा वेळ तिथंच उभ्या होत्या. शेजारी बसलेला शेतकरी हळूच म्हणाला, ‘कडवे,’ म्हणजे कन्नडमध्ये सांबर. आमच्याकडे रानातल्या लोकांच्या तोंडी सांबराला मराठी आणि कन्नड दोन्ही नावं असतात.

भाच्यानं हीच रीत वापरावी. उजाडायच्या आधी जागेवर बसावं. सकाळी पाठ पूर्वेला करावी, म्हणजे उन्हाची पहिली तिरीप समोरच्या उतारावर पडते आणि आपल्या भिंगात घुसत नाही. आख्खं हरीण शोधू नये. पाठीची आडवी रेघ, कान, पांढरा ढुंगणाचा ठिपका शोधावा. म्यूल डिअरचे कान खेचरासारखे मोठे, त्यावरूनच नाव पडलंय, आणि शेपटीचं टोक काळं. नराच्या शिंगांच्या फांद्या पुन्हा दुभागतात.

मग स्कोप लागतो कुठं? इथंच लागतो. समोर दीड किलोमीटरवर नर दिसतोय, मधे दरी. शिंगांना किती टोकं आहेत हे कळल्याशिवाय दरी उतरून चढायची का नाही हे ठरत नाही. अमेरिकेत काही भागांत एका शिंगाला ठरावीक टोकं असल्याशिवाय नर मारता येत नाही. तिथं दहापट कमी पडते, तीस-चाळीस पटीचा स्कोप उतरण-चढणीचे दोन तास वाचवतो. पण मित्र एकत्र जातायत, सगळ्यांत मिळून एक स्कोप पुरतो. ज्यानं स्कोपचा आग्रह धरलाय त्याच्याकडे तो असणारच. दुर्बीण मात्र प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःची हवी.

आणि हे अगदी ठासून सांगा. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून कधीही शोधायचं नाही. ती जिकडे बघते तिकडे नळी रोखलेली असते. झुडपात हललं ते हरीण आहे की माणूस, हे बघायला माणसावर बंदूक रोखायची? कोलोराडोत रायफलच्या हंगामात अंगावर कमरेच्या वर निदान 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड घालावंच लागतं, ते याचसाठी. हरणांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच तऱ्हेच्या असतात, आपल्यात तीन. त्यामुळं आपल्याला भडक वाटणारा नारिंगी त्यांना मळकट दिसतो, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून निळी जीन्स घालून जाऊ नको म्हणावं.

आता तुमच्या बाजूनं. भीमगड अभयारण्याच्या रानात, म्हणजे हेम्मडगा, तळेवाडीच्या बाजूला, पन्नास पावलांपलीकडे नजर जात नाही. स्कोप तिथं आंधळा. आत जायला परवानगी लागतेच, पण तुम्हाला जायची गरजही नाही, जनावरं तुमच्या बांधाला येतात. ओसरीवर तिपाई लावून बसा. निव्वळ आपल्या रानाचा विचार केला असता तर मी आठपटीची सांगितली असती, तिच्यात पट्टा रुंद आणि थरथर कमी. पण कोलोराडोतल्या रॉकी डोंगरांचे उघडे उतार आणि तुमचा बांध, दोन्हीला चालणारी एकच हवी असेल तर तिपाईवरची दहापट. घेताना भाच्यानं आय रिलीफ, म्हणजे काचेपासून डोळा जितका लांब धरूनही पुरं चित्र दिसतं ते अंतर, किमान 16 मिलिमीटर आहे ना ते बघावं, नाहीतर तुम्हाला चष्म्यासकट पुरं दिसणार नाही. गव्याला मात्र दुर्बिणीतूनच बघा. जवळ आला तर ओसरीतून आत. आणि गुरुजी, एक आगाऊपणा करतो. मोतीबिंदू तपासून कितीक दिवस झाले? भिंगातून आलेला उजेड शेवटी आपल्याच डोळ्यातून आत जातो. आधी ते उरकून घ्या, मग जानेवारीची वाट बघा.

प्रश्न : हिडकल जलाशयावर आम्ही मित्र हिवाळ्यात बदकं बघायला जातो. आठपटीच्या दुर्बिणीतून नुसते काळे ठिपके दिसतात. दहा किंवा बारा पटीची घ्यावी का?
— हुक्केरी

उत्तर : नाही, तुम्ही स्कोप घ्या. वरच्या उत्तरात मी त्याला मागं ठेवलं, पण तुमचं काम त्याचंच आहे. पाणी उघडं, बदकं कुठं आहेत ते डोळ्यांनाच दिसतं, शोधायचं काही नाही, फक्त ओळखायचंय. गाडी जवळपर्यंत जाते, म्हणजे ओझ्याचाही प्रश्न नाही. 65 मिलिमीटरचाही चालेल. आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, तिरकं असलेला घ्या, मान न अवघडता वेगवेगळ्या उंचीची चार माणसं त्यातून बघू शकतात. सकाळी नऊच्या आत जा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा उकळल्यासारखी हलते आणि मग पट वाढवली की ती हललेली हवाच मोठी दिसते. तेव्हा वीस-पंचवीस पटीवरच थांबा. तिपाईवर पैसे वाचवू नका. वाऱ्यानं हलली तर मधे पाण्याची पिशवी टांगा.

प्रश्न : वडिलांची जुनी दुर्बीण पेटीत होती. यंदा काढली तर काचेवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. घरी उघडून पुसू का?
— कणकुंबी

उत्तर : कृपा करून उघडू नका. ती बुरशी आहे. मलप्रभा जिथं उगम पावते त्या तुमच्या गावात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात, तिथं चामड्याच्या पेटीत ठेवलेल्या काचेचं हेच होणार. चामडं ओल धरून ठेवतं.

माझ्या वडिलांची दुर्बीण मी अशीच गमावली. बुरशी दिसल्यावर दुसऱ्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. परत आली तेव्हा जाळं गेलं होतं आणि त्याबरोबर भिंगावरचा जांभळट मुलामाही खरवडला गेला होता. दोन्ही नळ्या एका रेषेत राहिल्या नव्हत्या. दहा मिनिटं बघितलं की कपाळात ठणकायचं. मी डोळ्यांच्या धंद्यातला असून पाठवण्याआधी चार प्रश्न विचारले नाहीत, याची खंत अजून आहे. तुम्ही विचारा. आतली बुरशी काढल्यावर दोन्ही नळ्या पुन्हा जुळवून देणार का, आणि कशावर जुळवणार? समोरचा गडबडला तर वस्तू परत घ्या. दुरुस्तीनंतर घरी तपासायचं असेल तर लांबच्या कौलारू घराचं आढं दुर्बिणीतून धरा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. दोन्ही गोलांतली आढ्याची रेघ सरळ जुळायला हवी. एक वर, एक खाली, अशी पायरी पडली तर जुळणी बिघडलेली आहे.

बुरशी काचेला चरत जाते, त्यामुळं उशीर करू नका. आणि दुरुस्त होऊन आली की पेटीत नव्हे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल प्यायली असं समजायचं. मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे होतात, पण त्यासाठी वेगळी कढई ठेवा. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्यात नंतर फोडणी नको. तांदळात दुर्बीण पुरायचा उपाय काहीजण सांगतात. तांदळाची भुकटी फटीफटीत जाऊन बसते, त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : मी चष्मा लावते. मैत्रिणीच्या दुर्बिणीतून बघताना कडेनं काळ्या सावल्या येतात. दुर्बीण खराब आहे का?
— कॉलेज विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : दुर्बीण चांगली असणार. डोळ्याकडच्या रबरी वाट्या मैत्रिणीनं तिच्यासाठी वर काढून ठेवल्यात. त्या फिरवून किंवा दुमडून खाली करा, मग चष्म्यासकट बघा. मग उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याचं स्पष्ट करून घ्या, मग डावा झाकून उजव्या आयपीसवरचं छोटं कडं फिरवा. ते कडं कुठल्या खुणेवर आलं ते लक्षात ठेवा, पुढच्या वेळी मैत्रिणीकडून दुर्बीण घेतली की आधी तिथं आणायचं.